भारी रायफल आणि आपला खांदा

भिसेगावांतील एका तरुण वाचकास आजोबांची ३७५ ची रायफल वारसाहक्कानें मिळावयाची आहे. तिचा धक्का आपणांस सोसेल काय, असें तो विचारतो. प्रथम १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना त्याच्या नांवें व्हावा. १९७२ च्या कायद्यानें वन्य पशूंच्या शिकारीस बंदी असल्यानें पुढील विचार चांदमारीपुरताच समजावा.

३७५ हा आंकडा गोळीचा व्यास इंचाच्या सहस्रांशांत सांगतो. हें काडतूस १९१२ सालीं इंग्लंडांत निघालें. त्याची साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारें साडेसातशें मीटर वेगानें सुटते. त्याच क्षणीं चार किलोची रायफल सेकंदास साडेतीन मीटरांहून अधिक वेगानें मागें येते, आणि दारूच्या वायूचा रेटा निराळाच. तीच रायफल पांच किलोची असल्यास धक्क्याची ऊर्जा पंचमांशानें घटते. हलकी रायफल मिरवावयास बरी, उडवावयास नव्हे!

दस्ता खांद्याच्या खोलगटांत घट्ट दाबून धरावा. सैल धरल्यास तो ठोसा मारतो. डावा पाय पुढें, उजवा मागें : अमरकोशांत धनुर्धरांच्या ज्या स्थानांचीं नांवें आहेत, त्यांतील प्रत्यालीढ तें हेंच. परंतु खरा वैरी धक्का नसून त्याची धास्ती होय. घोडा दाबण्यापूर्वींच डोळे मिटतात, नळी खालीं झुकते. शिकविणारानें न सांगतां मधूनच खोटें काडतूस भरावें. बार न होतांही नळी हलली, तर दोष उघड झाला. मग कांहीं दिवस बावीसच्या रायफलीवर हात बसवावा. नव्यानें विकत घेणारास तर बंगालमधील इशापूरच्या कारखान्याची ३१५ पुरेशी आहे.