रातांब्याच्या नावाखाली काहीही?

तारकर्लीचा प्लॅन ठरला की इन्स्टावर ‘पंधरा दिवसांत बीच बॉडी’वाल्या कॅप्सूल दिसायला लागतात. डब्यावर ‘गार्सिनिया, शंभर टक्के हर्बल’. गार्सिनिया म्हणजे आपल्या रातांब्याची भावकी, म्हणून मालवणातले घरचेही बिनधास्त! पण वाटीभर सोलकढी वेगळी, अर्काचा डोस वेगळा. अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय हृदयाला घातक म्हणून भारतात २०११मध्ये बंदी आलेलं सिब्युट्रामिन ‘हर्बल’ डब्यांत लपवलेलं अमेरिकेच्या एफडीएला वारंवार सापडलंय. दोन दिवसांत भूकच मेली, तर खूश होऊ नका, गोळी थांबवा, डॉक्टर गाठा. औषधाने लठ्ठपणा बरा होतो अशी जाहिरात करणं १९५४च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. डिस्काउंट कोड देणाऱ्या इन्फ्लुएन्सर ताईंना हे कोणी विचारतच नाही.