'याच्या कानात सूरच नाही' हे खरं असतं का? शाळेत रोज गाणं होतं, मग कान का तयार होत नाही?

वर्धा शहराला अगदी लागून असलेलं सिंदी (मेघे) हे गाव अनेकदा सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) सोबत गोंधळलं जातं. सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे) यांच्या पंगतीतलं हे गाव. जनगणनेच्या भाषेत ते शहर आहे. शहराच्या इतक्या जवळ असल्यानं गाण्याचा क्लास, हार्मोनियम शिकवणारे गुरुजी आणि मोबाईलवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप या गोष्टी इथल्या घरांना नवीन नाहीत.

समजा, इथल्या सहावीतल्या एका मुलीला स्नेहसंमेलनाच्या समूहगीतातून वगळलं. कारण एकच सांगितलं गेलं: हिच्या कानात सूर नाही. घरच्यांनीही ते मान्य केलं. गणितात मागे पडलेल्या मुलीला मात्र कुणी 'हिच्या डोक्यात आकडेच नाहीत' म्हणून वर्गाबाहेर बसवत नाही. तिला शिकवणी लावतात.

हा फरक का होतो? आणि मुळात कान 'असतो' की 'तयार होतो'?

आत्ताच हा प्रश्न का?

'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचं राज्यगीत आहे. राष्ट्रगीत, प्रार्थना आणि राज्यगीत असा अनेक शाळांचा परिपाठ ठरलेला आहे. म्हणजे राज्यातली लाखो मुलं रोज सकाळी एकत्र गातात.

दुसरीकडे, २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं कलाशिक्षणाला इतर विषयांसारखंच अभ्यासाचं क्षेत्र मानलं. त्यानंतर एनसीईआरटीनं तिसरीसाठी 'बांसुरी' आणि सहावीसाठी 'कृति' ही कलेची पुस्तकं काढली. त्यात चित्रकलेबरोबर संगीत, नृत्य आणि नाट्यही आहे. महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं लागू होत आहे.

त्यात दहावीला शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. त्यामुळे पालकांचा ओढा परीक्षांकडे असतो. कान तयार होण्याआधीच राग, ताल आणि व्याख्या पाठ होतात.

कान तयार होणं म्हणजे काय?

यात चार साध्या गोष्टी येतात. दोन स्वर सारखे आहेत की वेगळे, हे ओळखणं. दुसरा स्वर वर गेला की खाली, हे सांगता येणं. ऐकलेला स्वर आपल्या गळ्यातून काढणं. आणि गाणं चालू असताना 'सा' कुठे आहे, हे न विसरणं.

यातली चौथी गोष्ट भारतीय संगीताचा पाया आहे. आपल्याकडे सा ठरलेल्या जागी नसतो. कुणाचा काळी एक असतो, कुणाचा काळी चार. एकदा सा ठरला की बाकीचे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्यानं ओळखायचे.

हे नातं हिशेबातही मांडता येतं. सा २४० कंपनांचा धरला, तर वरचा सा ४८० चा आणि पंचम ३६० चा. दोन आवाज नेमके जुळले की एकजीव ऐकू येतात. थोडे चुकले की आवाज थरथरतो. एक स्वर २४० चा आणि दुसरा २४२ चा असेल, तर सेकंदाला दोनदा आवाज कमी-जास्त झाल्यासारखा ऐकू येतो. तानपुरा लावणारा माणूस हीच थरथर ऐकत असतो. ती थांबली की तार लागली.

ही थरथर ऐकू येण्यासाठी 'दैवी देणगी' लागत नाही. लागते ती शांतता, आणि नेमकं काय ऐकायचं हे सांगणारं कुणीतरी.

विज्ञान काय सांगतं?

जन्मतःच सुरांमधला फरक ओळखता न येणारी माणसं खरोखर असतात. याला 'अम्यूझिया' म्हणतात. वेगवेगळ्या अभ्यासांनुसार अशांचं प्रमाण साधारण दीड ते चार टक्के आहे. म्हणजे पन्नासच्या वर्गात एक किंवा दोन मुलं, फार तर. 'सूर नाही' असा शिक्का मात्र त्याहून कितीतरी जास्त मुलांवर बसतो.

मग बाकीच्यांचं काय? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संगीत न शिकलेल्या लोकांना स्वरांमधला बारीक फरक ओळखण्याचा सराव दिला. सुरुवातीला ते शिकलेल्या वादकांपेक्षा खूप मागे होते. चार ते आठ तासांच्या सरावानंतर ते त्या चाचणीत वादकांच्या बरोबरीला आले. अर्थात, चाचणीतला फरक ओळखणं म्हणजे गाणं येणं नव्हे. पण 'कान बदलतच नाही' या समजुतीला त्यातून धक्का बसतो.

२०१२ च्या आणखी एका अभ्यासातला मुद्दा जास्त उपयोगाचा आहे. बेसूर गाणाऱ्या बहुतेकांना सूर बरोबर ऐकू येत होता. अडचण होती ती गळ्यावरच्या ताब्याची.

२०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बालवाडीतली मुलं, पाचवी-सहावीच्या आसपासची मुलं आणि कॉलेजातले तरुण यांचं गाणं तपासलं. शाळेच्या वयात अचूकता वाढत गेली, पण कॉलेजातले तरुण पुन्हा बालवाडीच्या पातळीवर घसरलेले दिसले. गाणं सुटलं की हातची गोष्टही जाते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. बारा ते चौदाच्या सुमारास आवाज फुटतो. कालपर्यंत बरोबर लागणारा वरचा स्वर आज लागत नाही. त्यात कानाचा काहीच दोष नसतो. तरीही अनेकांचं गाणं याच वयात कायमचं थांबतं.

मग रोजच्या परिपाठानं कान का तयार होत नाही?

पहिलं कारण, सा ठरवलेलाच नसतो. कुणीतरी पहिली ओळ उचलतं आणि बाकीचे मागून येतात. सुरुवात फार खाली झाली तर निम्मी मुलं पुटपुटतात, फार वर झाली तर ओरडतात. स्पीकरवर रेकॉर्ड लावली, तर तिची पट्टी मोठ्या माणसाच्या आवाजाला सोयीची असते.

दुसरं, मोठ्या आवाजाला 'चांगलं गाणं' समजलं जातं. शेजारच्याचा आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल, तर चूक कळायला जागाच उरत नाही.

तिसरं कारण हार्मोनियमच्या सवयीचं आहे. प्रत्येक स्वर पेटीवर आधी वाजला की मूल त्याच्या मागे जातं, स्वतः शोधत नाही. शिवाय पेटीचे स्वर समान अंतरांवर बसवलेले असतात. २४० च्या सा वर तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० चा येतो, पेटीवर तो ३०२ च्या थोडा पुढे असतो. पेटीवरचा वाद जुनाच आहे. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ या काळात पेटीला बंदी घातली होती. तरी नवशिक्यासाठी पेटी वाईट नाही. ती सतत चालू ठेवणं मात्र घातक आहे.

आणि चौथं, शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभरहून जास्त मुलं आहेत, तिथे कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. पण 'कला' या एका शब्दात चित्रकला, संगीत, नृत्य सगळंच येतं. संगीताला त्यात किती वाटा मिळतो, हे त्या शाळेवर अवलंबून राहतं.

वर्ध्याला हा विचार नवा नाही

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. तिथून 'नई तालीम'ची योजना पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन समितीनं तयार केलेल्या अभ्यासक्रमात सूतकताईसारख्या उद्योगाबरोबर संगीत आणि चित्रकलाही होती. म्हणजे संगीत हे निवडक मुलांचं नव्हे, सगळ्यांच्या शिक्षणाचं अंग आहे, ही भूमिका सिंदी (मेघे) पासून काही किलोमीटरवर मांडली गेली होती.

विदर्भातली दुसरी शाळा म्हणजे भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची आणि सामुदायिक प्रार्थनेची परंपरा इथल्या गावागावांत आहे. भजनात प्रवेशपरीक्षा नसते. मूल आधी टाळ्या वाजवतं, मग झांज धरतं, मग ध्रुपद उचलतं. ठेका अंगात मुरतो आणि चुकलं तरी कुणी बाहेर काढत नाही. कान असाच तयार होतो, ऐकत ऐकत आणि लोकांत बसून.

बाहेरचं उदाहरण हंगेरीचं आहे. संगीतकार झोल्टान कोडाय यांच्या विचारांवर १९५० साली केचकेमेत इथे रोज गाणं शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. त्या पद्धतीतला 'डो' आपल्या 'सा' सारखाच सरकता असतो आणि स्वर हाताच्या खुणांनी दाखवतात.

घरी किंवा वर्गात काय करता येईल?

रोज दहा मिनिटं पुरतात.

*आधी ऐकणं.* मोबाईलवर तानपुरा लावून मूल जिथे सहज बोलतं, त्याच्या आसपासचा सा निवडा. एक मिनिट फक्त ऐका. मग तोंड बंद ठेवून गुणगुणा.

*मग ओळखणं.* दोन स्वर वाजवा. सारखे की वेगळे? वर की खाली? मुलानं पेटीकडे पाठ करून हातानं दाखवायचं.

*मग गाणं.* आधी सा, मग सा-प-सा, मग सा-रे-ग-रे-सा. पेटीवर स्वर एकदा वाजवून थांबायचं. मुलानं तो शोधून काढला की पुन्हा वाजवून ताळा करायचा.

*ताल.* टाळीवर केरव्याच्या आठ आणि दादऱ्याच्या सहा मात्रा मोजा.

*शेवटी रेकॉर्डिंग.* आठवड्यातून एकदा आवाज रेकॉर्ड करून मुलालाच ऐकवा. चूक कुठे झाली, हे त्यालाच विचारा.

सूर दाखवणारी ट्यूनर अ‍ॅप्स ताळा करायला ठीक आहेत. सतत स्क्रीनकडे बघून गायलं, तर डोळे शिकतात, कान नाही.

शाळेला तर वेगळा तासही लागणार नाही. परिपाठाआधी अर्धा मिनिट तानपुरा, सगळ्यांचा एक सा आणि 'हळू गा, शेजारच्याचं ऐका' एवढी सूचना पुरेशी आहे.

एक गोष्ट आधी तपासा

मूल सुरातही चुकतं आणि हाक मारल्यावरही लक्ष देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, कान वाहतो किंवा दुखतो, असं असेल तर प्रश्न संगीताचा नसू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांच्या श्रवणदोषांची तपासणी होते. सेवाग्राम आणि सावंगी इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयंही जवळ आहेत. हेडफोनबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे.

मुद्दा गायक घडवण्याचा नाही

सिंदी (मेघे) मधलं प्रत्येक मूल मैफल गाजवणार नाही, आणि तशी गरजही नाही. पण बहुतेक मुलं सुरात एक प्रार्थना म्हणू शकतात. त्यासाठी त्यांना बाहेर काढण्याऐवजी काही महिने रोज दहा मिनिटं द्यावी लागतील. समूहगीतातून वगळलेल्या त्या मुलीला 'तुझ्या कानात सूर नाही' असं सांगण्याआधी तिला सा ऐकवला होता का, एवढं तरी विचारायला हवं.