कोळंबी बीजाची विषाणू तपासणी सक्तीची करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : वेनामी कोळंबीची वाढ खुंटवणाऱ्या आयएचएचएनव्ही विषाणूस प्रतिबंध

महोदय,

आयएचएचएनव्ही हा कोळंबीच्या ज्ञात विषाणूंपैकी सर्वांत लहान विषाणू आहे. व्यास सुमारे २२ नॅनोमीटर, डीएनए एकसरी, बाहेरून आवरण नाही. हामापार्व्होव्हायरस गटातील पेनस्टिलहामापार्व्होव्हायरस प्रजातीत तो मोडतो. त्याचे जवळचे भाऊबंद डासांत सापडतात. १९८१ मध्ये हवाई बेटांवर तो प्रथम आढळला, तेव्हा निळ्या कोळंबीच्या पिल्लांत ९० टक्क्यांपर्यंत मर झाली.

वेनामीत मात्र तो सहसा मर घडवत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. डोक्यावरचा काटा एका बाजूला वाकतो, मिशा सुरकुततात, कवच खडबडीत होते. एकाच दिवशी बीज सोडलेल्या तळ्यात काही कोळंबी भरते, काही खुरटलेलीच राहते. खाद्य, वीज, मजुरी यांचा खर्च ठरल्याप्रमाणे होतो. दर मात्र काउंटवर ठरत असल्याने किलोमागे नग वाढले की भाव पडतो. मर नसल्यामुळे हा रोग म्हणून नोंदलाही जात नाही.

यावर औषध किंवा लस नाही. संसर्गातून वाचलेली कोळंबी आयुष्यभर विषाणू बाळगते व अंड्यांवाटे पुढच्या पिढीला देते. गोठवलेल्या कोळंबीतही तो टिकतो. त्यामुळे रोगमुक्त मादी व तपासलेले बीज एवढाच मार्ग उरतो. आयात प्रजनक कोळंबीचे चेन्नईत विलगीकरण होते. पण राज्यातील तळ्यांत पडणारे बीज बहुतांशी आंध्र प्रदेश व तामिळनाडूतील हॅचऱ्यांतून येते. त्याची तपासणी येथे पोचल्यावरही होणे आवश्यक आहे.

चाचणी कोणती, हेही महत्त्वाचे. काही टायगर कोळंबीच्या स्वतःच्या जनुकसंचातच या विषाणूचे तुकडे मिसळलेले असतात. चुकीचे प्रायमर वापरल्यास निरोगी कोळंबीही पीसीआरमध्ये बाधित ठरते आणि चांगले बीज नाहक फेकले जाते.

सबब मागणी अशी, की बीजाच्या प्रत्येक खेपेसोबत पीसीआर अहवाल सक्तीचा करावा व त्यावर चाचणीची पद्धत नमूद असावी. किनारी जिल्ह्यांत माफक शुल्कात तपासणीची सोय व्हावी. आणि असमान वाढ हे रोगलक्षण मानून तिची सरकारी नोंद घेतली जावी. पुढील हंगामाचे बीज सोडण्यापूर्वी याबाबत आदेश निघावेत, ही विनंती.

आपले विश्वासू,
कोकण किनाऱ्यावरील कोळंबी संवर्धक