क्वार्टर देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे



गळीत हंगाम सुरू झाला की पिऊन ट्रॅक्टर चालवणाऱ्या ड्रायव्हरचा विषय हमखास निघतो. कोण म्हणतं लायसन कायमचं काढून घ्या, कोण म्हणतं दंड लाखात करा. माझं म्हणणं वेगळं आहे. काही जणांना ते लागेल, लागू द्या.

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड १५,०००. २०१९ ला कायदा बदलला, त्याआधी पहिला दंड २,००० होता. "ट्रॅक्टरला कुठं लागू होतंय हे?" असं पारावर बोलतात. लागू होतंय, ट्रॅक्टर मोटार वाहनच आहे. आणि चौकात पावती फाडून यात सुटका नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते.

आता त्याच कायद्यातलं कलम १८८ बघा. हे कुणी वाचतच नाही. दारू पिऊन गाडी चालवायला जो चिथावणी देईल, जाणूनबुजून मदत करेल, त्यालाही ड्रायव्हरला आहे तीच शिक्षा.

मग सांगा, आपल्या फडात काय चालतं? तोड आली की टोळीला खुशाली, ड्रायव्हरला एंट्री. ही प्रथा चांगली का वाईट ते पुन्हा कधी तरी. पण एंट्रीच्या नोटेबरोबर क्वार्टरही जाते. देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की हा गडी आता वीसेक टनाच्या दोन ट्रॉल्या ओढत निमगाव केतकीच्या नाहीतर लासुर्ण्याच्या रस्त्याला लागणार. मागं रिफ्लेक्टर नाही, टेप एवढा मोठा की मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि पोटात १८० मिलि. पालखी महामार्ग रुंद झाला, आता रिकाम्या ट्रॉल्या परतताना नुसत्या उडत येतात. कडेला तोडणी मजुरांच्या कोप्या आहेत, त्यात लेकरं झोपलेली असतात.

मुंबईत २००६ साली कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेले सात मजूर दारू प्यायलेल्याच्या गाडीखाली गेले. सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला आणि २०१२ ला तीन वर्षांची सक्तमजुरी कायम झाली. सात जिवांना तीन वर्षं.

पुण्याचं कल्याणीनगर तर सगळ्यांना पाठ आहे. १९ मे २०२४, दोन तरुण इंजिनियर गेले. तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळा महाराष्ट्र चिडला. पण एक गोष्ट मागं पडली. तिथं पोलिसांनी दारू देणाऱ्या बारवाल्यांनाही अटक केली. पोरगा अल्पवयीन होता म्हणून, वेगळ्या कायद्यानं. आमचा ड्रायव्हर सज्ञान, म्हणून आमचा बांधावरचा बारवाला मोकळा!

"क्वार्टर दिली नाही तर गाडी वेळेवर निघत नाही." खरं आहे, मी भोगलंय. गेल्या हंगामात जेवण दिलं, बाटली दिली नाही, तर भरलेल्या ट्रॉल्या दीड दिवस फडात उभ्या. ऊस वाळला, वजन घटलं, नुकसान माझ्या खात्यात. पण म्हणून त्याच्या हातात बाटली द्यायची? ती ट्रॉली आपल्याच पोराच्या मोटरसायकलसमोर येणार आहे.

ड्रायव्हरलाच सगळा दोष द्यायला माझं मन होत नाही. रात्रभर थंडीत नंबरला उभा राहतो, झोप नाही, वर मुकादमाच्या उचलीचं ओझं. दहा हजाराचा दंड त्याच्या उचलीत वाढणार, ट्रॅक्टर मालक दुसरा गडी बसवणार, फडातली क्वार्टर तशीच चालू. विमा कंपनीही पिऊन झालेल्या अपघातात ट्रॅक्टरची भरपाई देत नाही, हे मालकांनी ध्यानात ठेवावं.

काट्यावर आपला ऊस किलोपर्यंत मोजतात. तिथंच ड्रायव्हरनं एका नळीत फुंकर मारायला किती वेळ लागतो? तोडणी-वाहतूक करारात एक अट घाला: फुंकर मारल्याशिवाय गाडी रिकामी करून परत सोडायची नाही. प्यायलेला निघाला तर त्याला झोपायला जागा द्या आणि त्या खेपेचं वाहतूक बिल मालकाचं अडवा. शेतकी विभागातले बरेच मित्र हे पेज वाचतात, चिटबॉयही वाचतात. तोडचिठ्ठीच्या मागं कलम १८८ दोन ओळींत छापायला काही खर्च नाही.

येत्या वार्षिक सभेला मी हा ठराव लेखी देणार आहे. सूचक मी. अनुमोदक पाहिजे, नाव आणि गट इनबॉक्सला टाका.