हळदीचा हक्क हवा, मग ‘शीळ’चा का नको?

मेहकरच्या शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून वर आली. ती विलायतेला धाडण्याचे इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात होते आणि त्याचा सुगावा लागताच गावकऱ्यांनी प्रतिष्ठापना उरकून घेतली, अशी आठवण पैनगंगेकाठच्या या गावात आजही सांगितली जाते. आपली वस्तू दुसऱ्याने उचलून न्यावी, हे मेहकरला तेव्हा रुचले नाही. मात्र याच मेहकरात वकिली करणाऱ्या एका कवीची वस्तू अवघा महाराष्ट्र गेली नव्वदहून अधिक वर्षे वापरतो आहे आणि धन्याचे नाव घेण्याचीही तसदी घेत नाही. त्याबद्दल कोणाच्या कपाळावर आठी उमटलेली दिसत नाही.

हे कवी म्हणजे नागोराव घनश्याम उपाख्य ना. घ. देशपांडे. जन्म १९०९ चा, निधन २००० चे. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी गायिली, तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताचा उगम अनेक जाणकार त्या तबकडीत पाहतात. कवीचा ‘शीळ’ हा पहिला संग्रह मात्र निघाला १९५४ साली. म्हणजे पुस्तक वाचकाच्या हाती पडण्याच्या वीसेक वर्षे आधीच गाणे घराघरांत पोहोचले होते. पुढे ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तरीही आज एखाद्या कोजागरीच्या मैफलीत ‘शीळ’ सुरू झाली की निवेदक गायकाचे नाव घेतो, जुन्या तबकड्यांच्या आठवणी काढतो आणि शब्द कोणाचे, हे सांगायचे राहून जाते. मेहकरच्या कंचनीच्या महालावर कविता लिहिणारा हा माणूस स्वतःच्याच गाण्यातून असा बेदखल झाला आहे.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते आणि ते देणारे बहुधा संस्कृतीचे अभिमानीच असतात. ‘मालकी हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना, आपल्याकडे विद्या विकली जात नसे, ज्ञान सर्वांचे असे.’ ऐकायला हे फार उदात्त वाटते. पण ते अर्धसत्य आहे आणि ते सोयीचे आहे म्हणूनच वारंवार सांगितले जाते. आपल्या परंपरेने विद्येवर दाम मागितले नसेल. नाव मात्र कधीच सोडले नाही. नामदेव-तुकोबांच्या अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही काय शोभेची वस्तू होती? ती कर्त्याची ओळख होती, आणि अभंग मुखोद्गत करणाऱ्या निरक्षर वारकऱ्यानेही ती कधी गाळली नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकला-नकलांत शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि यापुढे या पाठात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये, असे निक्षून बजावले. नाथांसारख्या समर्थ कवीने ज्ञानदेवांच्या ग्रंथात स्वतःची भर घातली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नाथांनी जे धर्म म्हणून सांगितले, ते भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ मध्ये आढळते. कर्त्याने आपले हक्क दुसऱ्याला विकले, तरी कृती माझी आहे असे सांगण्याचा आणि तिची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनासाठी घडविलेले कांस्य भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली सहगल यांच्या बाजूने निकाल दिला आणि शिल्पाचे अवशेष त्यांच्या स्वाधीन करविले. शिल्प सरकारने विकत घेतले होते, तरीही! ज्यांना ही कल्पना परकी वाटते त्यांनी नाथांकडे पुन्हा वळावे.

याच समाजाने हळदीच्या बाबतीत केवढी जागरूकता दाखविली! जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणाचे पेटंट अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली मिळाले आणि देशभर संताप उसळला. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने त्या पेटंटाला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करविले. हा विजय घोषणांनी मिळालेला नव्हता. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला निबंध पुराव्यादाखल पुढे ठेवता आले, म्हणून तो मिळाला. कोणी, केव्हा, काय लिहिले याची नोंद शाबूत होती. ती नसती तर आजीबाईच्या बटव्याची साक्ष अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात कोण मानणार होते? परक्याने हळद नेली तर ती चोरी, आणि आपण शेजारच्या कवीचे शब्द नेले तर ते संस्कृतिसंवर्धन, हा न्याय कोणता?

हक्काच्या नावाखाली मनमानी वसुली चालते, हेही खरेच. वरातीत गाणे वाजविले म्हणून परवान्याचे पैसे मागणारे भेटतात आणि लग्नघरची माणसे घाबरून देऊनही टाकतात. वस्तुतः कलम ५२ ने धार्मिक विधी, वरात आणि विवाहाशी निगडित समारंभ यांना स्पष्ट मुभा दिली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून त्याचा पुनरुच्चार केला. शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे होणारा कार्यक्रम, हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला प्रयोग, अभ्यासासाठी घेतलेला उतारा, समीक्षेतील अवतरण या साऱ्यांना कायद्याने मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर बड्या परदेशी प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांचे संच करून देण्यास मज्जाव करण्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली नाकारले. न्याय्य वापर म्हणतात तो हा.

परंतु अख्खी कादंबरी पानन् पान छायांकित करून तिची पीडीएफ कौटुंबिक व्हॉट्सअॅप समूहावर ‘अवश्य वाचा आणि पुढे पाठवा’ अशा आग्रहासह सोडणे, हे त्या मोकळिकीत कुठे बसते? पाठविणारे गृहस्थ सुशिक्षित असतात, मराठी भाषा मरते आहे म्हणून हळहळतही असतात. मराठी पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात, हे त्यांना ठाऊक असते. अडीचशे रुपयांचे पुस्तक महाग वाटते, सिनेमाला सहकुटुंब जाताना तेवढ्याच्या लाह्या खाल्ल्या जातात. भाषेच्या अस्तनीतला निखारा तो हाच.

शब्द लिहिणाऱ्याची परवड नवी नाही. चित्रपटगीताच्या हक्कांचा पहिला धनी निर्माता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ठरविले आणि गीतकार-संगीतकार आपल्याच गाण्याच्या कमाईला पारखे झाले. ते दुरुस्त व्हायला पस्तीस वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा स्वामित्वधनातील वाटा त्याला परत मिळाला. राज्यसभेत तेव्हा जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला होता. त्यांच्या इतर मतांशी मतभेद असणाऱ्यांनीही याचे श्रेय त्यांना द्यावे. श्रेयाचाच विषय चालला असताना ते चोरण्यात अर्थ नाही.

ज्यांना मुदतीचा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी हिशेब साधा आहे. कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षे. पूर्वी ही मुदत पन्नासच होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क संपत आले तेव्हा १९९२ साली ती दहा वर्षांनी वाढविली गेली. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे निधन १९६६ चे, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचे हक्क ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. मुदत सरली की कोणीही ते छापू शकेल, आणि सावरकरांचे नाव घेणाऱ्यांची कसोटीही तेव्हाच लागेल. छाटलेल्या, गाळलेल्या, अशुद्ध सवंग आवृत्त्यांचा बाजार मांडायचा, की नाथांनी ज्ञानेश्वरीसाठी घेतले तसे कष्ट घेऊन शुद्ध पाठ सिद्ध करायचा?

ना. घ. देशपांडे यांच्या कविता मात्र २०६० सालच्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांच्या, किंवा ज्यांना हक्क दिले असतील त्यांच्या आहेत. गंमत अशी की, ज्या तबकडीने ‘शीळ’ घरोघर नेली तिच्या ध्वनिमुद्रणाची मुदत केव्हाच उलटून गेली. तिच्यातील शब्दांची उलटलेली नाही. तिकीट लावून होणाऱ्या कार्यक्रमाने त्यासाठी रीतसर परवानगी काढावी. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी मुलगी ते गाणे गाणार असेल, तर कायदा तिच्याकडे एक पैसाही मागत नाही. त्या संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत तबलजीला जागा असते, मंडपवाल्याला असते, ध्वनिक्षेपक पुरविणाऱ्यालाही असते. ‘कवी : ना. घ. देशपांडे, मेहकर’ ही एक ओळ वाढविल्याबद्दल कोणताही छापखाना जादा आकार लावत नाही.