तारांकित खेळाडू आणि खरें यश

अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलांत चेंडू हातीं घेऊन धावतात. तेथें शालेय खेळाडूंस तज्ज्ञ मंडळी पांचपर्यंत तारे देतात, आणि ज्या विद्यापीठानें असे तारांकित खेळाडू अधिक मिळविले त्यास भरतींत वरचा क्रमांक लाभतो. हा क्रमांक अगदींच व्यर्थ नव्हे. अलाबामा विद्यापीठाची भरती वारंवार अग्रस्थानीं असे. निक सेबन यांच्या हाताखालीं त्या संघानें २००९ ते २०२० या काळांत सहा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. परंतु २०२२ सालीं भरतींत पहिला ठरलेला टेक्सस ए अँड एम हा संघ त्याच वर्षीं बारांपैकीं पांचच सामने जिंकला. कोवळ्या गुणांस मुरावयास अवधि लागतो. उलट, स्टेट्सन बेनेट २०१७ सालीं जॉर्जियाच्या संघांत शिष्यवृत्तीवांचून दाखल झाला, आणि पुढें क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, होऊन त्यानें २०२१ व २०२२ च्या हंगामांत संघास अजिंक्यपद मिळवून दिलें. त्याच्या भोंवतीं तारांकित गडी पुष्कळ होते, हेंही विसरूं नये. तात्पर्य, तारे समूहाच्या बळाचा अंदाज सांगतात, एका मुलाचें भवितव्य नव्हे. पालकहो, प्रवेशाच्या दिवशींचा क्रमांक हा आरंभ होय. त्यास निकाल समजूं नका.