ज्यांना वारस नाही

जुलै २०२५ मध्ये आपल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, तेव्हा मी मेसमध्ये पेढे वाटले. आनंद खराच होता. पण २०२१ साली ज्या प्रस्तावित यादीत हे किल्ले चढले, त्याच यादीत त्याच वर्षी कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातलं हिरेबेणकलही चढलं होतं. ते कुणाला आठवतंय? टेकडीवर सुमारे चारशे दफनस्मारकं आहेत. उभ्या शिळांच्या खोल्या, वर अजस्र छप्परशिळा. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी, लोहयुगात, माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी रचलेल्या. किल्ल्यांमागे महाराज उभे आहेत. २०२४ मध्ये वारसा ठरलेल्या आसामच्या मोईदामांमागे आहोम राजे. हिरेबेणकलच्या मृतांना नाव नाही, जात नाही, त्यामुळे मोर्चाही नाही.

तरी हिरेबेणकल नशीबवान, डोंगरावर आडवाटेला आहे. खरी नासधूस सपाटीवर. तेलंगणात पोस्टिंगला असताना अशी शिळावर्तुळं बरीच पाहिली: मोठ्या धोंड्यांचं कडं, मध्ये दगडांचा ढीग, खाली हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडी भाले, खंजीर. लोक त्यांना 'राकासी गुळ्ळू', राक्षसांची देवळं, म्हणतात. या भीतीने शतकानुशतकं पहारा दिला. जेसीबीवाल्याला भीती वाटत नाही. त्याला फुकटची खडी दिसते.

कायदा नाही का? आहे, १९५८ चा. संरक्षित घोषित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर नियंत्रण. घोषित नसलं की मात्र तो नुसता दगड.

'हजारो वर्तुळांना कुंपण कुठून घालणार?' असं विचारणारे साहेब भेटतात. कुंपण मागतंय कोण? गावाच्या जमीननोंदीत त्या सर्व्हे नंबरसमोर एक ओळ लिहा: 'प्राचीन दफनस्थळ'. आणि खाणीचा परवाना देणाऱ्याने सही करण्याआधी ती ओळ वाचावी, एवढंच. निजामाच्या चाकरीतला फिलिप मेडोज टेलर हा फौजी एकोणिसाव्या शतकात सुरपूर भागात अशी थडगी शोधत, मोजत, रेखाटत हिंडला. त्याच्याकडे जीपीएस नव्हतं. आज प्रत्येक तलाठ्याच्या खिशात आहे. तालुक्यातले शिक्षक आणि मेंढपाळ सोबत घेतले, तर एका हिवाळ्यात होणारं काम आहे हे.